चमच्याचा मासा, पिसाची कोळंबी

ऑक्टोबरच्या उन्हात देवगड तालुक्यातील एका बागायतदाराकडे पालवीवरच्या तुडतुड्यांची पाहणी करायला गेलो होतो. कलमे फिरून झाली, फवारणी कोणत्या झाडांना हवी, कोणत्यांना नको, ते ठरले, आणि आम्ही खळ्यात चहा घेत बसलो. घरचा थोरला मुलगा पूर्वी मुंबईला कामाला होता. २०२० च्या टाळेबंदीत गावी आला तो परत गेला नाही. आता बाग तोच पाहतो. काम चोख आहे. फक्त संध्याकाळ झाली की त्याचे पाय घरात ठरत नाहीत. गरवायचा नाद!

त्याच्या आईने चहाबरोबर गाऱ्हाणेही आणले. "साहेबांनू, ह्येका जरा समजावा. पैशे गेले तर जावंदेत, पण अवशेच्या रातीक नऊ वाजासर ह्यो खडपार, आणि मी हंय दिवो घेवन उभी!"

वडिलांचा विषय वेगळाच होता. "पत्र्याक खंयचो मासो खातलो?" असे म्हणून त्यांनी पान जुळवायला घेतले.

खोदून विचारल्यावर हकीकत कळली. मुलाने मोबाईलवरून नकली आमिषे मागवली होती. एकेकाची किंमत चारशे-साडेचारशे रुपये. अमावास्येच्या संध्याकाळी ओहोटीने उघडा पडलेला लांबचा खडप गाठून तो उभा राहिला. पहिली दोन आमिषे दगडात अडकून गेली. तिसरेही अडकले, आणि ते तरी सोडवून न्यावे म्हणून तो पाऊण तास तिथेच धडपडत राहिला. तोवर मागच्या घळीत भरतीचे पाणी भरले. छातीएवढ्या पाण्यातून, अंधारात, हातात काठी धरून तो परत आला. आमिष गेले ते गेलेच.

वाचकहो, साडेचारशे रुपयांपायी माणूस खडपावर थांबतो, ही गोष्ट मला त्या दिवशी लागून राहिली. म्हणून हा लेख. ज्या आमिषाचा दोर खळखळ न करता तोडता येतो, तेच आमिष खडपावर न्यावे. आणि असे आमिष घरी बनवता येते, नीट बांधता येते. मी मूळचा घाटावरचा. समुद्र पाहिला तो नोकरीत आल्यावर. या कामात मी पंडित नाही. पण गेली पंधरा-सोळा वर्षे इथल्या जाणत्यांच्या मागे मागे हिंडून, चुकत, गळ बोटात रुतवून घेत जे शिकलो ते सांगतो.

मासा फसतो कशाला?

आधी वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. मासा पत्रा खात नाही. मासा पळणारे भक्ष्य पकडतो. तांबोशी, गोबरा, जिताडा, रावस हे शिकारी मासे. लहान मासा बिचकला, लंगडला किंवा कळपातून मागे राहिला की ते झडप घालतात. त्यांना हात नाहीत. वस्तू खरी की खोटी हे तपासायचे तर ती तोंडातच घ्यावी लागते, आणि तेवढ्यात गळ लागतो. तेव्हा आमिष दिसायला हुबेहूब माशासारखे असण्यापेक्षा ते चालायला माशासारखे असणे महत्त्वाचे. दुकानातल्या आमिषावर खवले, डोळे, रंग काढलेले असतात, ते पुष्कळदा माणसाला भुलवण्यासाठी असतात.

ही युक्ती आजची नव्हे. पॅसिफिक महासागरातील बेटांवरचे लोक धातू ठाऊक नसतानाही शिंपल्याच्या चकचकीत तुकड्याला गळ बांधून होडीमागे ओढीत. चमच्याच्या आमिषाचे पेटंट अमेरिकेत ज्युलिओ बुएल या गृहस्थाने १८५२ साली घेतले. जेवताना हातातला चमचा तळ्यात पडला आणि माशाने त्यावर झडप घातली, त्यावरून त्याला हे सुचले, असे सांगतात. फिनलंडच्या लौरी रापाला याने १९३६ मध्ये बुचाचे लाकूड कोरून, त्यावर वेष्टनाचा चंदेरी कागद लावून आणि फोटोच्या जुन्या फिल्मा वितळवून त्याचा लेप देऊन आपले पहिले आमिष केले. आपल्या लक्षद्वीपमधील मिनिकॉयचे मच्छीमार कुप्प्याच्या झुंडीत जिवंत चारा टाकतात आणि मासे खवळले की बिनकाट्याच्या चकचकीत गळाने ते भराभर उचलतात. सांगायचा मुद्दा असा, की ही विद्या मुळात घरगुती साधनांची आहे. महागडी ती नंतर झाली.

चमचा

घरातला जुना, पोचे आलेला स्टीलचा चमचा घ्या. (घरच्या बाईमाणसाला विचारून घ्या, हे वेगळे सांगायला नको होते, पण पुढे कळेल.) लोखंडी करवतीने दांडी कापून टाका. उरलेल्या वाटीच्या दोन्ही टोकांना, कडेपासून साधारण अर्धा सेंटिमीटर आत, तीन मिलिमीटरचे एकेक भोक पाडायचे. स्टील कडक असते. आधी खिळ्याने खूण ठोका, तेलाचा थेंब टाका आणि ड्रिल सावकाश चालवा. चमचा हातात धरून भोक पाडू नका, तो गरकन फिरून बोटे कापतो. शेगड्यात किंवा पकडीत आवळूनच धरा. नंतर सगळ्या कडा कानशीने गोल करून घ्या. भोकाची धार राहिली तर तंगूस तिथेच तुटते.

दोन्ही भोकांत एकेक लहान कडी घाला. किल्ल्या अडकवतो त्याच जातीची, पण नखाएवढी, गंज न धरणारी कडी जाळी-गळांच्या दुकानात मिळते. वाटीचे निमुळते टोक पुढे, म्हणजे दोराकडे. रुंद टोकाच्या कडीत गळ. गळ एकेरीच घ्या, १/० किंवा २/० क्रमांकाचा. दुकानी आमिषाला तीन तोंडांचे गळ असतात. ते मासा जास्त पकडतात असा समज आहे. पण खडपात ते आधी दगड पकडतात. एकेरी गळ कमी अडकतो, माशाच्या तोंडातून आणि आपल्या हातातूनही लवकर निघतो.

अशा चमच्याचे वजन फार भरत नाही, त्यामुळे तो लांब जात नाही. त्यासाठी मुख्य दोरात जाळ्याच्या शिशाचा एक मणी ओवा, त्याच्या खाली फिरती कडी बांधा, आणि फिरत्या कडीपासून दीड-दोन फुटांच्या जाड तंगुसाला चमचा. मणी कडीपर्यंत येऊन थांबतो. चमचा पाण्यात गोल फिरला तरी दोराला पीळ बसत नाही, कारण पीळ कडी घेते. शिसे घरी वितळवण्याच्या फंदात पडू नका. त्याचा धूर विषारी, आणि साच्यात पाण्याचा एक थेंब राहिला तर तापलेले शिसे उडून डोळ्यात जाते. तयार मणी थोडक्या पैशांत मिळतात. ते हाताळल्यावर हात धुवा, आणि दोर धरताना मणी दातात पकडण्याची सवय असेल तर ती सोडा.

आधी टाकीत चालवून पाहा

त्या दिवशी मी मुलाला त्याचे उरलेले आमिष आणायला सांगितले. आमिष उत्तम होते. पण त्याने ते जाड तंगुसाला पाच-सहा साध्या गाठी मारून गच्च आवळले होते, वर मोठा लोखंडी खटका, त्याच्या वर फिरती कडी. मी म्हटले, "हे पाण्यात कसे चालते ते कधी पाहिलेस?" पाहिले नव्हते. समुद्रात टाकले, ओढले, बस्स!

बागेतली सिमेंटची टाकी भरलेली होती. चार फुटी बांबूच्या काठीला दोन फूट तंगूस बांधले, आमिष अडकवले आणि टाकीच्या कडेने माणूस चालेल त्या वेगाने ओढत नेले. आमिष खिळ्यासारखे सरळ आले. ना डुलणे, ना लचकणे. घट्ट गाठीने आणि खटक्याच्या वजनाने त्याचे नाक धरून ठेवले होते. खटका काढून, मोकळ्या फासाची गाठ मारून पुन्हा ओढले, तर तेच आमिष शेपटी हलवू लागले. मुलगा गप्प झाला. वडील मात्र पान थुंकून टाकीजवळ येऊन उभे राहिले.

आंब्याचे वाळके पान झाडावरून सरळ पडत नाही, या कुशीवरून त्या कुशीवर होत खाली येते, तसे चमच्याचे चालणे हवे. ओढताना त्याच्या पोटावर पाणी दाबते, मग एका बाजूने सुटते, की तो दुसरीकडे कलतो. तो गरगर पूर्ण फिरत असेल, तर एक तर तुम्ही फार वेगाने ओढता, नाहीतर भोक मध्यावर पडलेले नाही, किंवा वाटी फार खोल आहे. लाकडावर ठेवून हातोडीने ती हलकी चपटी करा. तो मेल्यासारखा सरळ येत असेल, तर गळ जड झाला, गाठ आवळली गेली किंवा वाटी फार सपाट आहे. शेवटच्या एक तृतीयांश भागाला किंचित बाक द्या. विहीर, शेततळे, टाकी, काहीही चालेल. दहा मिनिटांच्या या तपासणीने जे कळते ते महिनाभर किनाऱ्यावर उभे राहून कळत नाही.

गाठी दोनच, पण पाठ हव्यात

फिरत्या कडीला आवळती गाठ. तंगुसाचे टोक कडीतून ओवून घ्या, मूळ दोराभोवती पाच-सहा वेढे द्या, टोक परत आणून कडीजवळच्या पहिल्या फटीतून काढा, तसे काढताना जो मोठा फास तयार होतो त्यातूनही एकदा काढा. आता थुंकीने ओली करा आणि सावकाश ओढा. कोरडी गाठ आवळताना तंगूस घासून तापते आणि तिथेच कमजोर होते. मोठा मासा गाठीपाशी सुटला की आपण दुकानदाराच्या तंगुसाला शिव्या देतो. बहुतेक वेळा दोष कोरड्या गाठीचा असतो.

आमिषाला मोकळा फास. आधी टोकापासून वीतभर अंतरावर तंगुसात एक साधी गाठ घ्या, पण आवळू नका. टोक आमिषाच्या कडीतून ओवा आणि त्या सैल गाठीतून, ज्या बाजूने ते बाहेर आले होते त्याच बाजूने, परत आत घाला. मूळ दोराभोवती चार वेढे द्या. पुन्हा त्याच सैल गाठीतून, त्याच बाजूने, टोक परत काढा. ओली करून आवळा. करंगळीच्या नखाएवढा फास राहतो आणि त्यात आमिष मोकळे डुलते. ही गाठ रात्री दिव्याखाली सुतळीवर वीस वेळा मारून बघा. खडपावर वाऱ्यात शिकता येत नाही.

गरीची काठी आणि रीळ असेल, तर मुख्य दोर विणलेला, पातळ घ्यावा. तो लांब जातो. पण तो दगडाला टेकला की कापतो, म्हणून पुढे दोन-तीन हात ०.६० मिलिमीटरचे साधे तंगूस जोडावे. हातदोराने गरवणाऱ्यांनी विणलेला दोर वापरू नये. मासा पळाला तर तो तळहात चिरतो.

पिसाचा गळ

काठी नाही, रीळ नाही, नुसता हातदोर आहे, त्यांच्यासाठी मला सगळ्यात आवडते ते पिसाचे आमिष. ते मला एका वयस्क काकांनी शिकवले. ते भातशेती करीत, आणि खाडीच्या मुखाशी वर्षानुवर्षे त्यांची ठरलेली जागा होती. कोंबडा कापला की मानेची पांढरी पिसे ते उशीखाली ठेवल्यासारखी जपून ठेवीत.

गळाच्या दांडीवर, नेढ्याच्या थोडे खाली, पांढरी चार-पाच पिसे चहूबाजूंनी लावून दोऱ्याने घट्ट वेढायची. पिसे गळाच्या बाकाच्या पुढे बोटभर जावीत, त्याहून लांब नकोत. नाहीतर मासा शेपटी तोडून नेतो आणि गळ तसाच राहतो. वेढ्यांवर लाल दोऱ्याचा एक थर द्यावा आणि वरून नखाला लावायचे पॉलिश. वाळले की दोरा पाण्याने सुटत नाही. वेफर्सच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाच्या दोन बारीक पट्ट्या पिसांत मिसळल्या तर आणखी चमक येते. पिसे ओली झाली की मिटतात, ओढ थांबवली की फुलतात. तेच त्यांचे श्वास घेणे.

बांधणी अशी. दोराच्या तळाला शिसे. त्याच्या वर दीड हातावर तंगूस दुमडून दुहेरी करा, त्या दुहेरी तंगुसाची दोन वेढ्यांची गाठ मारून एक फास काढा, आणि त्या फासाला वीतभर तंगुसाने पिसाचा गळ अडकवा. आता महत्त्वाची गोष्ट. तळाचे शिसे मुख्य तंगुसाने बांधायचे नाही. ते ०.२५ किंवा ०.३० मिलिमीटरच्या कच्च्या तंगुसाने बांधायचे. खडपात अडकते ते बहुधा शिसेच. ओढले की कच्चा धागा तुटतो, शिसे जाते, पण गळ, पिसे आणि गळाला लागलेला मासा वर येतो. फेकताना मात्र झटका देऊ नये, नाहीतर कच्चा धागा हवेतच तुटून शिसे कुणाच्या डोक्यात बसेल. हळू झोका देऊनच सोडावे, आणि मागे कुणी उभे नाही ना ते आधी पाहावे.

रबराचे मासे

बाजारात मऊ रबराचे मासे आणि कोळंब्या मिळतात. ही आमिषे त्यामानाने स्वस्त, पाकिटात पाच-सहा येतात. ती लावताना लोक घाई करतात. शिशाचे डोके असलेला गळ रबराच्या माशाशेजारी धरून पाहावा, टोक कुठे बाहेर येणार तिथे नखाने खूण करावी, मग नाकाच्या बरोबर मध्यातून टोचून खुणेवर बाहेर काढावे. रबर वाकडे बसले तर ते पाण्यात भोवऱ्यासारखे फिरते आणि कोणताही मासा त्याच्या वाटेला जात नाही.

दगड फार असतील तिथे गळाचे टोक लपवावे. त्यासाठी नेढ्याजवळ पायरीसारखा बाक असलेला गळ मिळतो. आधी गोळीच्या आकाराचे शिसे दोरात ओवा, मग गळ बांधा. गळाचे टोक रबराच्या नाकात जेमतेम अर्धा सेंटिमीटर घालून खालून बाहेर काढा, रबर नेढ्यापर्यंत सरकवा, गळ अर्धा फिरवा, आणि टोक परत रबराच्या पोटात असे घाला की ते पाठीच्या कातडीखाली राहील. दगडावरून, शेवाळातून ते घसरत येते. माशाने दाबले की टोक बाहेर पडते. मात्र हिसका थोडा जोरात द्यावा लागतो.

वेळ आणि पाणी

नकली आमिषाला वास नसतो. ते दिसले पाहिजे. म्हणून पावसाळ्यात नद्यांचे गढूळ पाणी खाडीच्या तोंडाशी असते तेव्हा खऱ्या सुंगटांशिवाय पर्याय नाही. आणि त्या दिवसांत खवळलेल्या किनाऱ्यावर जाऊही नये. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवतो, पुढे पाणी नितळ होत जाते. ऑक्टोबर ते डिसेंबर हे चांगले दिवस. पहाटे तांबडे फुटताना आणि सूर्य बुडताना. वाघोटण, काजळी, शास्त्री यांसारख्या नद्यांच्या खाड्यांची मुखे, जेट्यांचे कोपरे आणि पाणी जिथे दगडाला वळसा घालून जाते त्या जागा पाहाव्या. आमिष पडल्यावर लगेच ओढू नका. मनात आकडे मोजत बुडू द्या. सातव्या आकड्याला तळ लागला तर पुढच्या वेळी पाचला ओढायला लागा. मासा पुष्कळदा आमिष खाली पडत असतानाच घेतो, म्हणून दोर अगदी सैल सोडू नये.

आता भरतीचा हिशेब. कोकणात जुनी माणसे तिथीची पाऊणपट करतात, ते विसरू नका. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरले की सव्वाअकरा येतात. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी, मुंबईकडे थोडी नंतर. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण सुकती.

हाच हिशेब मी त्या मुलाला टाकीच्या कठड्यावर खडूने मांडून दाखवला. अमावास्येला भरती सव्वाअकराची, म्हणजे सुकती संध्याकाळी पाच-सव्वापाचला. त्यातून उधाणाची सुकती, पाणी नेहमीपेक्षा खूप मागे जाते. एरवी न दिसणारा खडप उघडा पडतो आणि माणसाला वाटते, आज चांगली जागा सापडली. तो तिथे पोचतो आणि त्याच घटकेला पाणी परतायला लागते. सात-साडेसातला अंधार, पुढे लाटा, मागे घळ भरलेली. म्हणजे त्याच्यावर आलेला प्रसंग अपघाताने आलेला नव्हता. पंचांगात तो आधीच लिहिलेला होता! दिवसभर काम करून संध्याकाळी जाणाऱ्याला दशमी-एकादशी बरी. भरतीचे पाणी दिवेलागणीला चढते असते, मासा किनाऱ्याकडे येतो, भांगाच्या जवळचे दिवस असल्याने पाण्याला फार ओढ नसते, आणि आपण लांबच्या खडपावर जातच नाही, कारण तो उघडाच पडत नाही.

आणि अडकले तर? काठीला हिसके देऊ नका, मोडेल. पुढे पाण्याकडे जाऊ नका. दोन्ही बाजूंना दहा-दहा पावले सरकून वेगळ्या कोनातून ओढून पाहा. नाही सुटले, तर दोर लाकडाच्या तुकड्याभोवती गुंडाळा (हाताभोवती कधीच नाही), पाठ न फिरवता मागे चालत जा आणि तुटू द्या. तुटलेला दोर जेवढा हाती येईल तेवढा घरी आणून टाका. किनाऱ्यावर पडलेल्या तंगुसात पक्ष्यांचे पाय अडकतात, चरायला आलेल्या गुरांच्या खुरांतही.

काही जपायच्या गोष्टी

गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा. मासे थोडे सुटतात. पण माझ्या अंगठ्यात गळ रुतला तेव्हा तो काटा दाबलेला नव्हता, आणि दवाखान्यात डॉक्टरांनी गळ पुढे ढकलून, काटा कापून तो बाहेर काढला. त्यानंतर मी काटा दाबल्याशिवाय गळ पिशवीतही ठेवत नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन चुकवू नये. शिंगाळा लागला तर त्याच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या काट्यांना हात लावू नका. लागलाच काटा, तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, ठणका उतरतो. आधी दुसऱ्याने पाण्यात हात घालून पाहावे, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. मग डॉक्टरांकडे जावे.

मोठा जिताडा मिळाला तर माझे एक ऐका. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे दांडगा जिताडा ही बहुतेक अंड्यांची मादी असते, आणि पावसाळ्यात ती खाडीच्या मुखाशी अंडी घालते. एखादी सोडून दिली तर आपले ताट काही रिकामे राहत नाही. मीही हे नेहमी पाळले असे म्हणणार नाही.

घरी आल्यावर आमिषे गोड्या पाण्यात धुवा, पुसा, गळाला खोबरेल तेलाचे बोट लावा आणि लाकडी फळीत टोचून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा.

त्या घरी मी डिसेंबरात पुन्हा गेलो, मोहोर पाहायला. मुलाने फळी दाखवली. चमच्याची चार आमिषे, पिसाचे सहा गळ, कच्च्या धाग्याची शिशी ओळीने. एकादशीच्या संध्याकाळी गावाजवळच्याच दगडावरून त्याला दीड किलोची तांबोशी मिळाली होती, पिसावर. घरात उपवास, म्हणून ती दुसऱ्या दिवशी शिजली. त्याने तोवर सात आमिषे गमावली होती, आणि सातही वेळा दिवस असतानाच घरी आला होता. वडिलांनी पत्र्याबद्दल काही काढले नाही. फक्त कोंबडा कापला की पिसे कुठे ठेवायची ते मुलाला विचारतात म्हणे.

आईने जेवायला वाढले. सोलकढीच्या वाटीबरोबर चमचा नव्हता. मी इकडेतिकडे पाहिले, तशी ती मुलाकडे बोट दाखवून म्हणाली, "माका काय इचारतास? त्येकाच इचारा."